बंद काचेवरचा वाळा

आबा, माझा बाप, हॉलच्या मधोमध उकिडवा बसून हातातल्या उदबत्तीकडे बघत होता. धूर सरळ वर गेला, पत्र्याखाली पोचला आणि तिथेच साचून राहिला.

"मरेल शे," आबा म्हणाला.

"काय मेलंय?" मी विचारलं. शाळेच्या आवारात मी त्याच्याशी पुस्तकी मराठीतच बोलत असे.

"हाई खोली. वाराले येवाले वाट नही, जावाले वाट नही. आठे तू साठ पोरी बठाडशी?"

"उठ आता. शेठजी येतील. धोतराला चुना लागलाय."

तो उठला नाही. तसाच सरकत सरकत पश्चिमेच्या भिंतीपाशी गेला आणि त्याने उदबत्ती खिडकीजवळ धरली. लाल, हिरव्या, पिवळ्या काचांच्या सहा खिडक्या होत्या त्या, चौकटीत पक्क्या बसवलेल्या. त्यांना बिजागरीच नव्हती. समोरची पूर्वेची भिंत कोरी होती, कारण तिच्या पलीकडे कापसाचं गोदाम होतं, तिथे गाडीवाले असत, आणि मुली कोणाच्या नजरेला पडू नयेत असं समितीने ठरवलं होतं. दार एकच, उत्तरेला. वर पत्रा. कौलं जुनाट दिसतात, असं सुरतेच्या कंत्राटदाराने सांगितलं होतं.

पत्र्याखालच्या लोखंडी दांडीला विजेचा पंखा टांगलेला होता. तोही सुरतेहून आलेला. वीज तेव्हा शहाद्यात नव्हती. कधी येणार हेही कोणाला माहीत नव्हतं. उमेदमल शेठजींचं म्हणणं असं की, येईल तेव्हा धावपळ नको. तोवर पंख्याच्या पात्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या.

ही आमच्या कन्याशाळेची नवी इमारत. शेठजींनी आपल्या आईच्या नावाने, सायरबाईंच्या नावाने, ती बांधून दिली होती. मी तिथली मुख्याध्यापिका. दुसऱ्या दिवशी प्रांतसाहेबांच्या हस्ते उद्घाटन होतं. सन छत्तीस, चैत्राचा शेवटचा आठवडा, आणि आमच्याकडे चैत्रातच उन्हाच्या झळा माणसाला घरात कोंडतात.

आबा मामलेदार कचेरीत पट्टेवाला होता, आणि प्रांतसाहेब येणार म्हणून कचेरीने त्याला इकडे पाठवलं होतं. लोणखेड्यात भाऊबंदांकडे शेत होतं, पण आबाने तरुणपणीच कचेरी धरली आणि तिथे एकतीस वर्षं एकच काम केलं: साहेबाची खोली उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार ठेवायची. वाळ्याचे ताटे तो स्वतः बांधी. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं भरायची, फार दाट नाहीत, कारण मग वारा आत येत नाही. फार विरळ नाहीत, कारण मग पाणी टिकत नाही. ताटा वाऱ्याच्या तोंडाला लावायचा, वरून थोडं थोडं पाणी सोडायचं आणि समोरचं दार चार बोटं उघडं ठेवायचं. मृगाआधीचे ढगाळ दिवस आले की तो ताटे काढून ठेवी, कारण ओल्या हवेत त्यांचा उपयोग नसतो. एका मामलेदाराने यावरून त्याला कामचुकार म्हटलं आणि दुप्पट पाणी मारायला लावलं. त्या आठवड्यात कचेरीतल्या कागदांना बुरशी आली. त्याचा ठपकाही आबावरच.

हिवाळ्यात साहेबाच्या पायाशी कोळशाची शेगडी. शेगडी आत आणली की आबा एक खिडकी किलकिली करी. कोंडलेल्या कोळशाने माणूस झोपल्या जागी मरतो हे त्याला माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं. ते म्हणत, झिपरू, तुला डोकं आहे का, थंडी आत येते. आबा म्हणे, हो साहेब, आणि खिडकी लावल्यासारखी करून तशीच ठेवी. अशा पाच-सहा साहेबांना त्याने जिवंत ठेवलं. त्यांतल्या एकालाही ते कळलं असेल असं मला वाटत नाही.

मी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात होते तेव्हा आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात एक धडा होता. गरम हवा वर जाते, तिला छताखाली वाट हवी, समोरासमोर दोन वाटा असल्या तरच खोलीत वारा खेळतो. आकृतीसकट दिलं होतं. मी ते पाठ केलं आणि पहिली आले. सुटीत घरी येऊन आबाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "हाऊ कोन मास्तर शे तुन्हा? कचेरीमा व्हता का?"

तर असा तो उदबत्ती धरून बसलेला असताना शेठजी आले. बरोबर समितीचे चिटणीस मांगीलाल आणि आणखी दोघे, ज्यांचं काम मान हलवण्याचं होतं.

"काय झिपरू, पूजा चालू आहे?" शेठजी म्हणाले. मागचे दोघे हसले.

"वारा देखी ऱ्हायनू, शेठजी."

"दिसला का?"

"नही ना. तेच सांगस." आबा उभा राहिला. "पूर्वनी भितमा वर, पत्राखाले, दोन भोकं पाडा. हातभर. आनि हाई काचा फिरती करा. मंग पोरी आठे बसू शकतीन."

"भोकं? नव्या भिंतीला?" मांगीलाल म्हणाला. "आणि गोदामावरचे लोक आत डोकावले तर?"

"पत्राखाले शे भोक. डोकावाले मानूस हत्तीवर बठेल पाहिजे."

शेठजींना हे आवडलं नाही. हत्तीवरून मिरवणूक काढावी असं त्यांच्या मनात एकदा आलं होतं आणि गावात ते माहीत होतं. "तू अक्कल मत चला," ते म्हणाले. "अक्कलवाला सुरतसे आया था. तू ताटे बांध. सगळ्या खिडक्यांना, बाहेरून. साहेबाला गाडीतून उतरताच दिसले पाहिजेत."

आबाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काचवर? काच तं बंद शे."

"मग?"

"शेठजी, ताटामाईन वारा आत येस म्हनून थंडं व्हस. काच बंद आनि वरथून वाळा बांधा, तं भित भिजी, दुसरं काय?"

"साहेब भिंत थोडीच चाटणार आहे," शेठजी म्हणाले, आणि आता सगळेच हसले. "वाळा पाहिला की माणसाला गार वाटतं. अर्धी थंडी डोळ्यात असते, झिपरू. ते तुला नाही समजणार."

मी तिथेच उभी होते. या चार माणसांत एकाने तरी आयुष्यात स्वतःच्या हाताने खिडकी उघडली असेल का, असा विचार माझ्या मनात आला. घरात त्यांच्या खिडक्या बायका उघडत आणि पेढीवर नोकर. त्यांची माझ्याइतकी कीव कोणालाच येत नसेल. पण कीव मनातल्या मनात करायला काही लागत नाही.

मांगीलालने माझ्याकडे पाहिलं. "बाई तर पुण्याला शिकल्यात. बाई, तुमचं काय मत?"

आबानेही माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आशा होती असं म्हणणार नाही, त्याला खात्री होती. पुस्तकातली ती आकृती मी त्याला त्या सुटीत अंगणातल्या मातीवर बोटाने काढून दाखवली होती.

मला मुख्याध्यापिका करून सहाच महिने झाले होते. पट्टेवाल्याची मुलगी म्हणून समितीत एकाने आधी माझं नाव कापलंच होतं. हे सगळं मी त्या क्षणी हिशेबात घेतलं असंही नाही. तोंडातून आपोआप आलं, सवयीने.

"समितीने ठरवलंय ते योग्यच असेल," मी म्हणाले.

आबाने उदबत्ती जमिनीवर घासून विझवली. घरी, दारी, बाजारात तो मला दगू म्हणे. शाळेतल्या मुलींसमोरही दगूच म्हणे आणि मला त्याची लाज वाटे.

"बरं, बाई," तो म्हणाला आणि ताटे आणायला कचेरीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी प्रांतसाहेब दोन वाजता आले. गाडीतून उतरताच त्यांनी भिजलेले ताटे पाहिले, वाळ्याचा वास घेतला, "वा" म्हणाले, आणि शेठजींनी मांगीलालकडे वळून पाहिलं. मग सगळे आत जाऊन बसले आणि दाराशी पडदा सोडला.

आत काय होतं ते सांगून कळणार नाही. दीडशे माणसं, वर तापलेला पत्रा, पंख्यावर सुकलेला झेंडू. प्रांतसाहेबांच्या कॉलरमधून घाम गळत होता आणि ते स्वतःलाच कार्यक्रमपत्रिकेने वारा घालत होते. शेठजी भाषणात म्हणाले की अशी हवेशीर इमारत पश्चिम खानदेशात दुसरी नाही. टाळ्या पडल्या. त्या निमित्ताने हात हलले, तेवढाच वारा.

बाहेर आबा अकरा वाजल्यापासून पाणी मारत होता. पश्चिमेचं ऊन, अंगावर येणारी झळ, आणि विहीर शंभर पावलांवर. तो मला दिसत नव्हता, पण ताट्यातून गळलेलं पाणी काचेवरून ओघळे आणि त्यावरून तो कुठे आहे ते कळे. पहिल्या खिडकीपासून सहाव्यापर्यंत, मग पुन्हा पहिली. बंद काचेवर पाणी मारण्यात अर्थ नाही हे गावात सगळ्यांत चांगलं त्याला माहीत होतं, आणि तरी एकही खिडकी त्याने चुकवली नाही.

तिसऱ्या भाषणात पाणी चौथ्या खिडकीशी थांबलं.

मी वाट पाहिली. विहिरीवर गेला असेल, असं मनाशी म्हटलं. लाल काच वाळली, मग हिरवी. मी उठू शकले असते, दार वीस पावलांवर होतं. पण माझं आभाराचं भाषण व्हायचं होतं. मी उभी राहिले आणि शेठजींचे आभार मानले. त्यात "या शीतल वास्तूबद्दल" असे शब्द होते. ते मी आदल्या दिवशी सकाळीच लिहून ठेवले होते आणि तसेच वाचले.

गोदामावरच्या रामसिंग गाडीवाल्याने त्याला पडलेला पाहिलं. आत आवाज आला नाही, कारण आवाजालाही वाट नव्हती. मी बाहेर आले तेव्हा रामसिंगने त्याला निंबाखाली आणून निजवलं होतं आणि तो त्याच्या तोंडावर पाणी शिंपडत होता. अंग इतकं तापलं होतं की हात लाववेना. दवाखान्यातले डॉक्टर आले, मान हलवून गेले. दिवस मावळायच्या आत आबा गेला. माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. त्याला बोलता येत नव्हतं, हे मला कळतं. तरीही.

शेठजी तिसऱ्या दिवशी भेटायला आले. म्हणाले, झिपरू पुण्यवान, विद्येच्या कामात देह ठेवला. थोडं थांबून म्हणाले, "पण बाई, डोक्याला ओलं फडकं बांधायला काय झालं होतं? इतका जाणता माणूस." आबाच्या डोक्याला ओलं फडकं होतं. मी शेठजींना चहा दिला.

जूनमध्ये शाळा भरायच्या आधी समितीची बैठक झाली. ती हॉलमध्ये भरायची होती, भरली व्हरांड्यात. आत उकडतं असं कोणी म्हणालं नाही. मांगीलाल म्हणाला, इथे उजेड चांगला आहे, आणि ते दोघे मान हलवत बाहेरच्या खुर्च्यांवर बसले.

शाळाखात्याचा छापील अर्ज आला होता. इमारत मान्य करून घ्यायची तर तो भरून पाठवायचा होता. त्यात एक रकाना "हवा व उजेड" असा होता आणि त्यावर मुख्याध्यापिकेचा अभिप्राय व सही लागत होती. अभिप्राय मांगीलालने आपल्या वळणदार अक्षरात आधीच लिहून ठेवला होता: समाधानकारक. सही झाली की सोमवारपासून साठ मुली त्या पत्र्याखाली बसणार होत्या, आणि पुढच्या चैत्रातही.

"इथे सही करा बाई," मांगीलालने दौत पुढे सरकवली.

मी टाक उचलला. मग तो शब्द पुन्हा वाचला, आणि खोडला.

"हे काय केलंत?" मांगीलाल म्हणाला.

शेठजी खुर्चीत पुढे झाले. "बाई, उन्हाने डोकं फिरलं का? त्या दिवशी विचारलं तेव्हा तर तुम्हीच म्हणालात, समितीचं योग्य आहे. आता काय झालं?"

मी पुस्तकातला धडा सांगू शकले असते. आकृती काढून दाखवू शकले असते. ते सगळं तोंडाशी आलं होतं, शुद्ध मराठीत, परिच्छेद पाडून. मी दौतीचं झाकण लावलं आणि त्या चौघांकडे बघत म्हणाले,

"मन्हा बापनं बरोबर व्हतं. माले त्या दिनबी माहीत व्हतं."