अळणी पेज

आईचा गुडघा बदलला आणि मी तिचं मीठ तोडलं. कुणी सांगितलं? कुणीच नाही. मिठाने जखम चिघळते, असं आमच्या राहनाळ गावात म्हातारी माणसं बोलतात. आणि मी दोन गोदामांचा मालक, मला अडवणार कोण?

माझी आई गोदूबाई. उभं आयुष्य खाडीवरच्या मिठागरात मीठ ओढण्यात गेलं. तिला मी अळणी पेज पाजली.

"धनेश, चिमूटभर दे रं. त्वांडाला चव न्हाय."

"चव पायजे का पाय पायजे?"

वर हसलोसुद्धा.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाचव्या दिवशी रक्त तपासा. सगळ्यांना नाही सांगत. यांना बीपीची लघवी होणारी गोळी आहे, म्हणून सांगतोय."

पाचव्या दिवशी निजामपुऱ्याच्या लॅबमधून भावना नावाची पोरगी रक्त न्यायला आली. मी दारातूनच हाकलली.

"ऑपरेशनात एवढं रक्त गेलं, आता उरलेलं तुम्ही प्या!"

"दादा, दोन मिनिटांचं काम आहे."

दार लावलं तिच्या तोंडावर.

सातव्या दिवशी आई माझ्या बायकोला मेलेल्या मावशीच्या नावाने हाका मारायला लागली. मी म्हटलं, म्हातारी नाटकं करते. दुपारी तिला झटका आला. डोळे पांढरे, तोंडाला फेस.

हॉस्पिटलात कळलं, रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच, पार उतरलंय; त्या गोळीने आणि माझ्या अळणी पेजेने.

"पाचव्या दिवसाचा रिपोर्ट कुठाय?" डॉक्टर.

"लॅबवाली आलीच नाही."

जीभ अडखळली नाही माझी. डॉक्टरांनी माझ्यासमोरच लॅबला फोन करून झाडलं.

आई वाचली. घरी आल्यावर रक्त न्यायला दुसराच माणूस आला. भावना कुठे, विचारलं तर म्हणाला, "कामावरून काढली तिला. पेशंटकडे न जाता गेले म्हणून सांगते, असं मालक बोलले."

तो गेला. मी पेजेत मीठ घातलं, स्वतःच्या हाताने. वाटी आईपुढे धरली. तिने ती बाजूला सारली.

"ती पोर आलती. मी आयकलंय, तू दार आपटलंस त्ये."

"आई, खा आधी."

"आधी फोन लाव. मंग खाईन."

लावला. डॉक्टरांना सांगितलं, ती आली होती, मीच हाकलली, मीच खोटं बोललो. मग लॅबच्या मालकाला तेच सांगितलं. शेवटी भावनाला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आजी कशा आहेत?"

आईने वाटी ओढून घेतली.