बोकडाची सोबतीण झालेली काच

मी काच बोलतेय. इकडं तिकडं काय बघताय, तुमच्या नाकासमोरच आहे. दिसत नाही ना? मग काचवाल्या वैजनाथनं मला झकास पुसलेलं दिसतंय. आमची जातच अशी. नजरेला पडू नये म्हणून लोक आम्हाला घासूनपुसून काढतात, आणि चुकून दिसलोच तर म्हणतात, काच घाण झाली.

जन्म म्हणाल तर वाळूचा. भट्टीत वितळले, पसरले, गार झाले. माहेरच्या फारशा आठवणी नाहीत, कारण तिथं आम्ही हजारो बहिणी आणि सगळ्या एकसारख्या. तिथून ट्रकनं नगरला आले आणि नगरहून टेम्पोत उभ्यानं नेवाशाला. बसायची सोय काचेला नसतेच. नेवाशात वैजनाथ काचवाल्यानं माझ्या अंगावरून हिरकणी फिरवली, म्हणजे काच कापायचं ते हिऱ्याच्या टोकाचं हत्यार, आणि कट्कन मला मापात आणलं. खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या.

माप होतं योसेफ सरांच्या परसदाराचं. घोडेगावच्या अलीकडं त्यांचं गाव. सर हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले, आणि त्यांच्या बायको दीनाबाई दवाखान्यात नर्स होत्या. घर बांधताना सगळं सरांच्या मनासारखं झालं. दीनाबाईंनी हट्ट धरला तो एकच. मागं ओटा हवा, ओट्यापुढं परस, आणि घरात बसून परस दिसेल असं काचेचं सरकतं दार.

गाव हसलं. "पुढं लोखंडी गेट आन् मागं काच? चोर काय पुढूनच येतोय व्हय?" शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच ताकाचा तांब्या घेऊन मागल्या अंगानं आल्या आणि तरातरा चालत थेट माझ्यावर आपटल्या. ताक माझ्या अंगावर, टेंगूळ त्यांच्या कपाळावर. पण बाई खमकी. त्यांनी कपाळाची टिकली काढली आणि बरोब्बर आपल्या उंचीवर मला चिकटवली. "आता दिसशील, भवाने," म्हणाल्या. तेव्हापासून मी टिकली लावून मिरवायला लागले. दीनाबाई दर शनिवारी मला पुसायच्या, टिकली तेवढी सोडून.

अशी दहा वर्षं गेली, मजेत गेली. मग मागच्या पावसाळ्यात ओट्यावरच्या शेवाळावरून दीनाबाईंचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, रोज थोडं थोडं चालायचं. ज्या बाईनं आयुष्यभर पेशंटांना दटावून चालवलं, ती स्वतः मात्र खुर्चीतून उठेना. भीतीच बसली होती. वॉकर धरून मोरीपर्यंत जायच्या, तेही सर सोबत असले तर.

ती खुर्ची सरांनी माझ्याजवळ आणून ठेवली, अगदी वीतभर अंतरावर. तिथून दीनाबाई सगळ्या परसाचा कारभार बघायच्या. कोंबड्या किती आत आल्या, शेवग्याला शेंगा धरल्या का, पेरूवर पोपट कुठला बसलाय. रंगुबाई बाहेर उभ्या राहून माझ्यातूनच गप्पा मारायच्या. मला सरकवून कुणी बोलत नव्हतं, कारण मी सरकत नव्हते. खालच्या चाकांत दहा वर्षांची माती गेलेली. मला ढकलायचं म्हणजे सरांना खांदा लावावा लागे. पण उघडायची गरज कुणाला होती? दीनाबाईंचं जग माझ्यात मावत होतं, आणि मला त्याचा केवढा ताठा होता म्हणून सांगू.

नाताळ जवळ आला. मुलगा जस्टिन पुण्याहून बायकोपोरांना घेऊन येणार म्हणून सर घोडेगावच्या बाजारातून एक बोकड घेऊन आले. काळा कुळकुळीत, कानावर पांढरा ठिपका. कळपातून तुटलेला, म्हणून आल्यापासून जो ओरडायला लागला तो थांबेचना. चारा घातला तरी बें, पाणी दाखवलं तरी बें.

सरांनी विचार केला. विज्ञानाचे सर विचार करायला लागले की घरातल्यांनी भांडीकुंडी आवरून घ्यावीत. "दीना," ते म्हणाले, "हे कळपातलं जनावर आहे. त्याला एकटेपण आलंय. त्याला दुसरा बोकड दिसला पाहिजे."

"मग दुसरा आणणार का?"

"गरज नाही. प्रतिबिंब आहे की."

"अहो, तो बोकड आहे. आरसा बघायला तो काय नवरदेव आहे?"

पण सरांनी ऐकलं नाही. नाताळसाठी मला वर्तमानपत्रानं घासून लखलखीत केलंच होतं. त्यांनी बोकड ओट्यावर आणून माझ्याकडं तोंड करून बांधला. आणि काय सांगू, बोकड गप्प झाला. माझ्याकडं टक लावून बघितलं, मला हुंगलं, मग लांब जिभेनं मला वरपासून खालपर्यंत चाटलं. सरांची छाती फुगली. "बघितलंस?" म्हणाले. दोन दिवस मी बोकडाची सोबतीण होते. त्याची जीभ खरखरीत होती, पण माया खरी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोकडाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, समोरच्याचा त्याला राग आला. त्यानं मान खाली घातली, समोरच्यानंही घातली. तो चार पावलं मागं सरला, समोरचाही सरला. माणसांनी इथंच मिटवून घेतलं असतं. बोकडाला वाटलं, घाबरला लेकाचा. आणि आला की धावत. धाड!

आत दीनाबाईंच्या हातातला चहा अंगावर सांडला. मी फुटले नाही, पण खालच्या कोपऱ्यातून दोन वीत लांब चीर गेली. बोकडानं मान झटकली, समोरचा पळून गेला नाही म्हणून पुन्हा मागं सरायला लागला, तेवढ्यात रंगुबाईंनी धावत येऊन त्याचं दावं धरलं. "असा वाघासारखा बोकड कापता व्हय?" म्हणाल्या. "माझ्या शेळ्यांत ऱ्हाऊ द्या त्याला." त्या त्याला घेऊन गेल्या ते गेल्याच. नाताळाला कोंबडीवर भागवायचं ठरलं.

आता प्रश्न माझा. सरांचं म्हणणं, दुरुस्त होईल. जगात कुठलीही वस्तू दुरुस्त होते असं त्यांचं मत, आणि शिवाय बोकडाची अक्कल त्यांचीच, म्हणून जास्तच जोर. त्यांनी चिरेवर चिकटपट्टी मारली. दिसायला मी डोक्याला पट्टी बांधलेल्या पोरीसारखी.

जस्टिननं व्हिडिओ कॉलवर मला पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "पप्पा, आई त्या काचेला चिकटून बसते. एकदा पडली तेवढं बस झालं. काच काढा. तिथं लोखंडी दार लावून टाकू."

"दुरुस्ती झाली तर काच राहील," सर म्हणाले.

"आणि नाही झाली तर?"

"तर तुझं लोखंडी दार." सरांनी शब्द देऊन टाकला. दीनाबाईंना कुणी विचारलं नाही. त्या नुसत्या माझ्यातून पेरूच्या झाडाकडं बघत राहिल्या, आणि मला त्यांचे भरलेले डोळे दिसले.

वैजनाथ नेवाशाहून आला. तो सरांचा जुना विद्यार्थी. आल्या आल्या सरांच्या पाया पडला, मग माझ्याजवळ बसला. बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, आणि खिशातलं पेन काढून चीर जिथं संपते तिथं रेघ मारली. बाजूला तारीख लिहिली.

"सर, चीर चालते," तो म्हणाला. "चार दिवस बघू. रेघेच्या आत राहिली तर खालून पट्टी मारून भागेल. पुढं सरकली तर काही खरं नाही. ही साधी काच आहे. फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे पडतात. आणि बाई तर इथंच बसतात."

झालं. घरादाराला एकच उद्योग. सर सकाळ-संध्याकाळ पट्टी घेऊन चीर मोजायचे. रंगुबाई मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि चक्क माझी दृष्ट काढली. "लई चकाकत हुती, दिष्टच लागली बगा हिला," म्हणाल्या. माझ्या आयुष्यात एवढी सरबराई कधी झाली नव्हती. मी भलतीच खूश होते आणि जिवाच्या आकांतानं चीर धरून ठेवत होते. डिसेंबरातली सकाळ गार आणि दुपारचं ऊन कडक, त्यामुळं अंग फुगायचं, आकसायचं, चीर नुसती खाजायची. पण मी हलू दिली नाही. मी राहिले तर दीनाबाईंना परस राहणार होता.

तिसऱ्या दिवशी खुडूक कोंबडी पिल्लं घेऊन बाहेर पडली. ती नीट दिसावीत म्हणून दीनाबाई खुर्चीतून पुढं वाकल्या आणि त्यांनी कपाळ माझ्यावर टेकवलं. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. कपाळ वर, चीर खाली, आणि मधे त्यांचा गळा. पिल्लं मोजताना त्या हसत होत्या. त्यांचा श्वास माझ्यावर उमटत होता. मला पहिल्यांदा माझीच भीती वाटली. मी किती पातळ आहे, आणि हे माणूस माझ्यावर किती निर्धास्त टेकलंय.

चौथ्या दिवशी सकाळी सर दीनाबाईंना आंघोळीला घेऊन गेले. खुर्ची रिकामी होती. ऊन माझ्यावर चढलं. मी म्हटलं, आता. आणि चीर सोडली. चर्र करून ती पेनाची रेघ ओलांडून टिकलीपर्यंत गेली. लागलं खूप, पण मन हलकं झालं.

दुपारी जस्टिन पोचला. चीर बघायला वैजनाथला बोलावलेलंच होतं. सर मान खाली घालून उभे. जस्टिन म्हणाला, "ठरल्याप्रमाणं लोखंडी दार. आईच्या भल्यासाठीच आहे."

"जस्टिन," खुर्चीतून आवाज आला, "हाड मोडलंय माझं. डोळे शाबूत आहेत."

सगळे वळले. दीनाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "माझ्या भल्याचं सगळे ठरवताय. दिवसभर मी लोखंडाकडं बघत बसू? मला जास्त काही नको. माझा परस मला दिसला पाहिजे." आणि त्या रडायला लागल्या. जस्टिन गुडघ्यावर बसला आणि त्यानं आईचा हात धरला.

मग सरांनी चष्मा काढला. "चूक माझी आहे. बोकड मी बांधला. दीना नको म्हणत होती." सरांनी चूक कबूल केली हे मी दहा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. दीनाबाईंचं रडं त्या धक्क्यानंच थांबलं.

वैजनाथ खाकरला. "सर, बोलू का? टफन काच टाकू. ती फुटली तरी ज्वारीच्या दाण्यासारखी गळते, कापत नाही. चौकट हीच राहू दे. चाकं तेवढी नवी टाकतो."

जस्टिन त्याच्याकडं बघतच राहिला. "हे चार दिवसांपूर्वी का नाही सांगितलं?"

"सरांनी दुरुस्तीचंच विचारलं होतं," वैजनाथ मान खाजवत म्हणाला. "आणि वर्गात सरांचा नियम होता, विचारलंय तेवढंच उत्तर लिहायचं. जादा लिहिलं की मार्क कापायचे."

आधी दीनाबाई हसल्या. मग जस्टिन. मग सरही हसले, जरा उशिरा.

दोन दिवसांनी मला उतरवलं. माझ्या जागी आली ती टफन बया नाकासमोर बघणारी, पण मनानं चांगली. मला वैजनाथ भंगारात नेणार होता, पण साधी काच असण्यात एक सुख आहे. आम्हाला पुन्हा कापता येतं. त्यानं चिरेचा भाग काढून टाकला, उरलेल्यातून एक चौकोन बेतला, आणि सरांनी तो मागून घेतला. त्यांना नवीन विचार सुचला होता. एक पेटी, आतून काळा रंग, वर मी. सौरचूल. म्हणजे आता मी परसात पेरूखाली नव्हे, चांगली उन्हात आडवी पडलेली असते, आणि माझ्याखाली भात शिजतो. आयुष्यभर उभी राहिलेल्या बाईला आडवं पडायला मिळालं की कसं वाटतं, ते एकदा मला विचारा.

वाचकांनो, तुमच्याकडं माझ्यासारखी कुणी चिरलेली असेल तर तिच्या मायेत अडकू नका. वेळेवर काढा. आमचं काय, आम्ही कुठंतरी लागतोच. आणि काढताना घरात जो सगळ्यात जास्त त्या काचेजवळ बसतो, त्याला आधी विचारा.

आज सर घोडेगावला गेलेत. जस्टिन पुण्याला. रंगुबाई शेळ्यांमागं. घरात दीनाबाई एकट्याच, खुर्चीत, नव्या काचेमागं. मघापासून त्या माझ्याकडं बघतायत, माझ्याखालच्या पातेल्याकडं. आता त्यांनी हात पुढं केला आणि एका बोटानं दार ढकललं. नवी चाकं ती. दार सुळकन उघडलं, पार कडेपर्यंत. दीनाबाई स्वतःच दचकल्या. हवा आत गेली, त्यांच्या केसांची बट उडाली.

त्या उठल्या. वॉकर पुढं टेकवला. उंबरा ओलांडला. एक पाऊल ओट्यावर, मग दुसरं. बाई गं, दहा वर्षं मी त्यांना परस दाखवला, आणि शेवटी त्यांना परसात यायला मीच मधून बाजूला व्हायला हवं होतं.

आणखी एक पाऊल. सावकाश, दीनाबाई. भात कच्चा आहे अजून, मी ऊब धरून ठेवते.