बाईसाहेबांचं ‘बरं’

बाईसाहेबांना कुजबुजता येत नसे. चोवीस माग एकाच वेळी धडधडत असलेल्या कारखान्यात ज्या बाईनं बेचाळीस वर्षं उभ्यानं काढली, तिच्या गळ्याला हळू बोलण्याचं वळण लागणार तरी कुठून? आणि नेमका त्या जंगलात पहिल्या दिवसापासून सगळा कारभार कुजबुजीवर चाललेला. जेवणघराच्या दारावर पाटीच होती, ‘शांतता पाळा. जंगल ऐकत आहे.’ बाईसाहेबांनी चष्मा चढवून ती वाचली आणि म्हणाल्या, “ऐकत असेल तर ऐकू दे. आपण काही चोऱ्या करायला आलो नाही.”

लेकीनं त्यांच्या दंडाला हात लावला. वाटाड्यानं ओठांवर बोट ठेवलं. ते बोट पुढचे तीन दिवस तिथून फारसं हललं नाही.

वाटाड्या उंच, काटकुळा, चिखलाच्या रंगाचे कपडे घालणारा माणूस होता. तो चालायचा तेव्हा पान वाजत नसे, आणि बोलायचा तेव्हा बाईसाहेबांच्या मते ओठसुद्धा हलत नसत. तासाभरात त्यांनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. तो त्यांना आजी म्हणे.

“मी यांची आजी कधीपासून झाले?” त्यांनी लेकीला विचारलं.

“आई, हळू.”

“हळूच बोलतेय.”

झाडावरची माकडं आधी गप्प झाली आणि मग निघूनच गेली. सोबतचे कॅमेरेवाले गृहस्थ, जे एका फांदीवर नेम धरून अर्धा तास उभे होते, त्यांनी कॅमेरा खाली केला आणि बाईसाहेबांकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या ताटातला घास कोणी उचलला.

सहल लेकीनं ठरवली होती. तीन दिवस, दोन मुक्काम, सकाळ-दुपार एकेक फेरी आणि शेवटी नदीतून नावेनं. “कारखाना सोडून तू कुठं गेली नाहीस कधी. चल, या निमित्तानं दोघी जाऊ,” असं ती समोर बसून म्हणाली होती. कोणत्या निमित्तानं, ते बाईसाहेबांनी विचारलं नाही. त्यांचं स्वतःचं निमित्त तयार होतं. कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा त्या कंबरेला लावूनच आल्या होत्या. लेक तासाभराच्या अंतरावर राहायची, आठवड्यातून चार दिवस कारखान्यात यायची, मागांचं दुखणं-खुपणं तिला आईइतकंच कळायचं. आता सगळं तिच्या हाती सोपवायचं होतं. हवा होता तो तिच्या तोंडचा एक होकार. वर्षभर विचारून झालं होतं, आणि वर्षभर लेक ‘बघू’, ‘बोलू’, ‘सांगते’ असं करत होती. जंगलात ना फोन, ना मुकादम. इथं तिला उत्तर द्यावंच लागेल, असा बाईसाहेबांचा हिशेब होता.

त्या हिशेबात एक गोष्ट मात्र धरलेली नव्हती, कारण ती बाईसाहेबांनी कोणालाच सांगितली नव्हती. मागांनी त्यांचे कान खाल्ले होते. कारखान्यात त्याचं काही अडत नसे. तिथं माग चालू असताना कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. दोन बोटांची कातर म्हणजे धागा तुटला. मूठ कपाळाला म्हणजे मुकादमाला बोलवा. बोट कानाजवळ गोल फिरवलं की पुन्हा सांग. पण हातांची ती भाषा कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर कोणी नेत नसे, घामाचा सदरा बाहेर नेत नाहीत तशी. बाहेरच्या जगात बाईसाहेब समोरच्याचे ओठ वाचून वेळ भागवत. ओठ दिसले नाहीत, किंवा फोन असला, की मान डोलावून म्हणत, “बरं, बरं.” सहा वर्षं या ‘बरं’नं त्यांना दगा दिला नव्हता. कान गेले होते, पण मान शाबूत होती.

पहिल्या दिवशी फळ्यांच्या अरुंद वाटेवरून एकामागे एक असं चालायचं होतं. पुढं मौनीबाबा, मग कॅमेरेवाले, मग लेक, शेवटी बाईसाहेब. वरून पाणी टपटपत होतं, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर रेनकोटाचं टोपडं. बाईसाहेबांनी संधी साधली.

“मग? कारखान्याचं काय?”

लेक मागं न वळता काहीतरी बोलली. टोपडं हललं. उभं हललं की आडवं, हे काही कळलं नाही. पुन्हा विचारावं तर पुढून बोट वर झालेलं. बाईसाहेब मूग गिळून चालत राहिल्या. एका पानावर नखाएवढा हिरवा बेडूक होता म्हणे. तो सगळ्यांनी पाहिला. बाईसाहेबांना तो दिसला नाही, आणि तो कुठं आहे हे मौनीबाबानं तीनदा सांगितलं, तेही ऐकू आलं नाही.

“दिसला ना, आजी?” हे मात्र त्यांनी ओठांवरून वाचलं.

“बरं, बरं,” बाईसाहेब म्हणाल्या.

खोलीत गेल्यावर बोलू म्हटलं, तर खोली लाकडी, खांबांवर उभी, चारही बाजूंना जाळ्या. ओला टॉवेल तसाच ओला, उशीला दमट वास. लेक पाठमोरी होऊन सामान लावत बोलायची आणि पाठीला ओठ नसतात. “इकडं तोंड करून बोल,” एवढे चार शब्द उच्चारणं काही अवघड नव्हतं. पण ते उच्चारले असते तर सहा वर्षांचा पडदा एका झटक्यात खाली आला असता. बाईसाहेबांनी जळवांच्या भीतीनं मोजे झटकले, आणि राग मोज्यांवर काढला.

दुसऱ्या दिवशी झाडांच्या शेंड्यांना बांधलेल्या झुलत्या पुलावर चढायचं होतं. बाईसाहेब पन्नास पावलं बिनतक्रार चढल्या. वर पोचल्यावर मौनीबाबा त्यांच्या कंबरेकडे पाहू लागला. किल्ल्या. प्रत्येक पावलाला खणखण.

“आजी, ते जरा काढून ठेवता का? पक्षी बसत नाहीत.”

“हा जुडगा बेचाळीस वर्षं इथं आहे. त्याच्या आवाजावर चोवीस माग चालू झालेत आणि थांबलेत. तुमच्या पक्ष्यांना सांगा, सवय करून घ्या.”

“पक्ष्यांना सांगून बघितलं. ते तुमच्यासारखेच हट्टी आहेत,” मौनीबाबा म्हणाला. हे वाचायला मात्र बाईसाहेबांना मुळीच त्रास झाला नाही. त्यांनी जुडगा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला, आणि पक्षी न पाहताच पूल ओलांडला.

दुपारी जेवणाच्या बाकावर लेक समोर बसली. चेहरा स्वच्छ उजेडात. बाईसाहेब तिच्या ओठांवर नजर लावून बसल्या.

“एक सांगू, आई? तू इतक्या सहज तयार होशील असं मला वाटलंच नव्हतं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.”

बाईसाहेबांना वाटलं, सहलीबद्दल बोलते आहे. एवढ्याशा सहलीचा कसला आलाय धोंडा? पण लेक हलकी झालेली दिसत होती आणि हलक्या मनाचं माणूस होकार देतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यांनी पर्स जवळ ओढली. तेवढ्यात कॅमेरेवाले गृहस्थ बाकावर येऊन बसले आणि आपण टिपलेले सदतीस फोटो एकामागून एक दाखवू लागले. सदतीसही फोटोंत पानं होती.

“बरं, बरं,” बाईसाहेब प्रत्येक फोटोला म्हणाल्या. दात-ओठ खाऊन.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाव निघाली. अर्धा तास मोटरनं, मग नदीच्या वळणाशी मौनीबाबानं मोटर बंद केली. इथून पुढं पाणमांजरांचा मुलूख. त्यानं बोट ओठांवर ठेवलं, मग तेच बोट बाईसाहेबांकडे रोखलं, मग पुन्हा ओठांवर नेलं. अशी आज्ञा त्यांना कोणी दिल्याला जमाना झाला होता.

नावेत लेक त्यांच्या समोर बसली होती. मध्ये हातभर अंतर. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून बाईसाहेबांनी रुमाल काढला आणि जुडगा लेकीच्या मांडीवर ठेवला.

लेकीनं रुमाल उघडला. किल्ल्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. काहीतरी विचारावं म्हणून ती पुढं झुकली, तर मौनीबाबाचं बोट तिच्याकडेही वळलं. मग तिनं दोन्ही हात वर केले. कारखान्यात शिकलेले हात, लहानपणी सुताच्या कांड्यांच्या टोपल्यांमध्ये बसून आईकडून उचललेले.

तळवा उताणा: कशाला?

मग दोन्ही तळवे पालथे, दोनदा खाली दाबले: माग बंद.

बाईसाहेबांना वाटलं, आपले डोळेही गेले. त्यांनी बोट कानाजवळ गोल फिरवलं: पुन्हा सांग.

लेकीनं सांगितलं. माग बंद. बोटांवर मोजून, महिनाअखेर. मग छातीला हात, हवेत फळ्यावर लिहिल्याची खूण. विणकाम शिकवणाऱ्या शाळेत ती जाणार होती. चोवीस माग त्याच शाळेत जाणार होते. शेवटी तिनं आईकडे बोट केलं आणि मान दोनदा डोलावली: तूच तर बरं म्हणालीस.

कधी? बाईसाहेबांनी मनगटावर बोट आपटलं.

अंगठा कानाला, करंगळी तोंडाला: फोनवर.

पुन्हा सांग. लेकीनं पुन्हा सांगितलं. बाईसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदाही तळवे पालथेच पडले.

मूठ कपाळाला, भुवया वर: मुकादम? त्याला माहीत आहे?

लेकीनं मान डोलावली. तो आला होता ना तुझ्याकडे, बायकोला घेऊन.

आला होता. मुकादम आला होता, तासभर बसला होता, मान खाली घालून बोलत होता आणि मध्येच डोळे पुसत होता. त्याची म्हातारी आई गेली असावी असं धरून बाईसाहेबांनी त्याचं सांत्वन केलं होतं. “वय झालंच होतं रे. कधीतरी जाणारच. तू शेवटपर्यंत नीट सांभाळलंस, आता मन घट्ट कर.” मुकादम हुंदका देऊन उठला होता. त्याची आई धडधाकट होती. तो मागांबद्दल बोलत होता.

म्हणजे बेचाळीस वर्षांच्या कारखान्याला बाईसाहेबांनी आपल्याच मानेनं मूठमाती दिली होती, एकदा फोनवर आणि एकदा चहाचा कप पुढं करत. आपलेच दात, आपलेच ओठ. चिडायचं तरी कोणावर? ‘मी बरं म्हटलंच नाही’ असं म्हणावं, तर दिला शब्द फिरवल्यासारखं. आणि शब्द बाईसाहेबांनी जन्मात फिरवला नव्हता. ‘मला ऐकूच आलं नव्हतं’ म्हणावं, तर... त्यांनी नदीकडे पाहिलं. नदीनंही काही सुचवलं नाही.

शेवटी त्यांनी तळवा कानावर ठेवला आणि मान आडवी हलवली. कारखान्यात ही खूण दिवसातून शंभरदा होते, त्यात लाज कसली. ऐकू आलं नाही. मग तळवा तसाच ठेवून, हळूच, बोटांनी वर्षं मोजली. सहा.

लेकीचा हात तोंडावर गेला. सहा वर्षांतली सगळी ‘बरं, बरं’ तिच्या डोळ्यांसमोरून जाताना बाईसाहेबांना दिसत होती. मग ती भराभर हात चालवू लागली, आधी का नाही सांगितलंस, आता काय करायचं, शाळेला कळवलंय, माणसांना कळवलंय. बाईसाहेबांचेही हात सुटले. माझा कारखाना. माझेही कान. मला तोंडावर विचारायला काय झालं होतं? लेकीचे हात उलटून म्हणाले, फोनवर विचारलं की, तुझ्या तोंडावर विचारायची कोणाची हिंमत होते?

नाव डुगडुगली. मौनीबाबा वळला. त्यानं काकुळतीनं दोन्ही हात जोडले आणि ओठ हलवले, “हातसुद्धा नको.”

हातसुद्धा नको. बाईसाहेबांनी हात मांडीवर आपटले आणि तिथंच ठेवले. बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि आयुष्य समोर चाललेलं. उरले फक्त ओठ. लेकीनं आवाज न करता, एकेक अक्षर सावकाश उमटवत म्हटलं, “मला जमणार नाही, आई. मला शिकवायचंय. तू नाही म्हणालीस, तरी मी जाणार.”

एवढं मात्र बाईसाहेबांनी पुरतं ऐकलं. त्यांच्या खांद्यामागं पाण्यातून तीन ओली डोकी वर आली असावीत, कारण कॅमेरेवाल्यांचा कॅमेरा किटकिटू लागला आणि मौनीबाबाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. बाईसाहेबांनी मागं वळून पाहिलं नाही. त्या लेकीच्या तोंडाकडे पाहत बसल्या. पाणमांजरं आली आणि गेली.

परतताना मोटर चालू झाली आणि तिच्या घरघरीत नावेत कोणालाच कोणाचं ऐकू येईना. कॅमेरेवाले ओरडून काही विचारत होते, मौनीबाबा कानाला हात लावत होता. मायलेकींचं मात्र व्यवस्थित चाललं होतं. बाईसाहेब भांडल्या. पोट भरून भांडल्या. माग कुठं जाणार, कोणत्या खोलीत, तेल कोण घालणार, तिसऱ्या नंबरच्या मागाचा धोटा डावीकडे ओढतो हे त्या शाळेच्या पोरांना कोण सांगणार. लेक एकेकाचं उत्तर देत होती. काही उत्तरं त्यांना पटली नाहीत आणि ती पुढंही पटणार नव्हती. धक्का दिसू लागला तेव्हा त्यांनी लेकीच्या मांडीवरचा जुडगा उचलला, पुन्हा आपल्या कंबरेला लावला आणि हवेत किल्ली फिरवल्याची खूण करून छातीवर हात ठेवला.

लेकीनं बोट कानाजवळ गोल फिरवलं.

बाईसाहेबांनी पुन्हा सांगितलं. शेवटचं कुलूप मी लावणार. आणि मुकादमाशीही मीच बोलणार, त्याची आई जिवंत आहे म्हणून.

धक्क्यावर मौनीबाबानं त्यांना उतरायला हात दिला आणि काहीतरी पुटपुटला. मान सवयीनं खाली यायला निघाली. बाईसाहेबांनी ती अर्ध्यात थांबवली.

“मोठ्यानं बोला,” त्या म्हणाल्या. “मला कमी ऐकू येतं.”

काठावरच्या झाडातून दोन बगळे उडून गेले. मौनीबाबाचं बोट ओठांकडे निघालं होतं, ते वाटेतच राहिलं.

“पाणमांजर,” तो जंगलाकडे एकदा पाहून ओरडला. “दिसलं का, आजी?”

“नाही,” बाईसाहेब तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या. “आणि तुमचा तो बेडूकही दिसला नव्हता.”