धुरपताचा पाचवा महिना

बायजाबाईला लकवा मारला, उजवं अंग लुळं पडलं आणि सून धुरपता तिच्या खाटेला बांधल्यासारखी झाली. सासूला उचलून बसवायचं, पेज भरवायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशीवर वळवायचं, ओली लुगडी धुऊन आणायची. नवरा केवळराम डोंगा घेऊन नवेगावच्या बांधाच्या तलावात मासे धरायला जाई. परतल्यावर दारातूनच विचारी, "माय कशी हाये?" धुरपता कशी आहे, हे कोणी विचारत नसे. तिलाही त्याचं काही वाटत नसे.

लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात कंबरेतून कळा यायला लागल्या. शेजारची रुख्माबाई म्हणाली, "काऊन उचलून राहिली वो बुढीले? नवऱ्याले सांग ना."

"बाईमाणसाचं अंग त्याइनं कसं धुवावं? शरम वाटते त्याइले. आन् कंबर का कोणाची दुखत नाही?"

एका दुपारी सासूला खाटेवर वर सरकवताना धुरपताच्या ओटीपोटात काहीतरी तुटलं. ती मटकन खाली बसली. लुगडं लाल होत गेलं. बायजाबाईला सगळं दिसत होतं, पण तिला हात देता येईना. वाकड्या तोंडानं ती ओरडत राहिली, तेव्हा कुठं रुख्माबाई धावत आली. सुईणीला बोलावलं, पण काही उपयोग झाला नाही. मुलगा होता.

केवळरामनं त्याला तलावाच्या काठी पुरलं आणि घरी येऊन भिंतीशी बसून राहिला.

सकाळी धुरपता सवयीनं उठायला लागली, तशी बायजाबाई म्हणाली, "तू नोको उठू. केवळ्या, तू उचल मले."

"मी? माय, मी कसा..."

"लहानपणी मी तुले नाही धुतलं?" जड जिभेनं म्हातारी एकेक शब्द लोटत होती. "नातू गेला माह्यापायी. आता इलेही त्याच्यामांगं धाडतं का?"

केवळरामनं मान खाली घातली आणि आईच्या पाठीखाली हात सरकवले. तिचं लुगडं बदलताना तो रडत होता.

मग धुरपताला भावानं दरेकशाला माहेरी नेलं. आईनं डोक्यात तेल जिरवलं, गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, समोर बसून जेवू घातलं. तरी डोळा लागला की ती दचकून उठे. "कोणी हाक नाही मारली वो, झोप," आई म्हणे. हळूहळू झोप लागायला लागली. एका दुपारी अशीच गाढ झोपून उठली आणि पोराच्या आठवणीनं हंबरडा फोडून रडली. तोवर तिला रडायला उसंतच मिळाली नव्हती.

ती सासरी परतली, तेव्हा केवळराम आईचे केस विंचरत होता. धुरपता पिशवी टाकून पुढे झाली.

"राहू दे," तो म्हणाला. "सकाळचं मीच करत जाईन. तू बस."

ती उंबऱ्याशी बसली. मोकळे हात कुठं ठेवावेत, हे तिला बराच वेळ कळेना.