सेव्ह न केलेले अकरा दिवस

मित्रांनो, सायकल दुरुस्तीचे दुकान नाहीसे झाल्याचे ज्या दिवशी कळले, तिथूनच सांगतो. ते दुकान रस्त्यावर नव्हते, माझ्या आत होते. बाईंना जाऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते.

मी कपाटाखाली धूळ खात पडलेला एक जुना संगणक आहे. माझी कीव करू नका, मला तुमचा राग येतो.

चार वर्षांपूर्वी बाईंनी मला एका कार्यालयाच्या भंगारातून उचलून आणले. स्वतः खोलले, पंखा पुसला आणि माझ्यावर एक खेळ सुरू केला. तीसेक माणसे आपापल्या घरून त्यात यायची. जमीन खणायची, घरे बांधायची, भांडायची. कोणी दुसऱ्याची भिंत पाडली की बाई लिहायच्या, "माणसासारखा राहा, नाहीतर तुझ्या शेळ्या विकून टाकीन." त्यांचा एक नियम मात्र सगळे पाळत: कोणी दुसऱ्यासाठी लिहून ठेवलेली पाटी वाचायची नाही.

खेळ आपोआप सेव्ह होताना मी काही क्षण अडखळायचो. लगेच ओरडा व्हायचा, "ताई, तुमचं खटारं झोपलं!" इतकी वर्षे फुकट राबलो, त्याचे हे कौतुक. म्हणून बाईंनी ते आपोआप होणे बंद केले. रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून त्या लाल कागद चिकटवलेले बटण स्वतः दाबायच्या. बटण दाबले नाही, तर नवे बांधकाम वीज असेपर्यंतच माझ्या लक्षात राहते.

मग बाई इस्पितळात गेल्या. तिथून फोनवर त्या खेळात यायच्या आणि बांधत राहायच्या. बटण मात्र फोनवरून दाबता येत नसे. नवऱ्याला रोज सांगायच्या, "अहो, घरी गेलात की तेवढं लाल बटण दाबा हं."

"दाबतो गं."

नवरा सायकली दुरुस्त करतो. घरी येऊन तो हात धुवायचा, जेवायचा, माझ्याकडे पाठ करून झोपायचा. "हा पोरखेळ मला दाखवू नकोस," असे तो बाईंनाही म्हणायचा. अकरा दिवस त्याने बटणाला बोट लावले नाही.

बाराव्या दिवशी बाई गेल्या. सगळे उरकून तो घरी आला. माझा पंखा चालूच होता. "ती गेली आणि हे घरघरतंय," म्हणत त्याने माझी वायर उपटली.

दोन आठवड्यांनी त्याच्या मेव्हणीने, बाईंच्या बहिणीने, मला पुन्हा सुरू केले. तीही आमच्या खेळातली. मंडळी जमली, तर दुकानाच्या जागी नुसते गवत.

"भावजी, बटण दाबत होतात ना?"

"राहिलं."

"किती दिवस?"

"सगळेच."

खेळात ज्याला सगळे गवंडी म्हणतात, तो स्पीकरवरून बोलला, "काका, ताईंनी तुमचं दुकान बांधलं होतं. पान्यांची फळीसुद्धा. आत तुमच्यासाठी लिहिलेली एक पाटी होती."

"काय लिहिलं होतं?"

"वाचलं नाही. ताईंचा नियम होता."

"अरे गाढवांनो, तीस जण आहात! एकानेही नाही?"

"नाही काका."

मेव्हणी रडू लागली. मला कोणाचीच दया आली नाही. एकाने सांगितलेले केले नाही, बाकीच्यांनी सांगितलेले नको इतके पाळले. बाईंचे शेवटचे शब्द दोघांच्या मध्ये मेले.

आता तो रोज माझ्यासमोर बसतो आणि दिवसातून दहादा लाल बटण दाबतो. दाब बाबा, रिकामे गवत सेव्ह होते.

मित्रांनो, जपायचे असेल तर माणूस सांगतो तेव्हाच जपा. नंतरचे जपणे मला बघवत नाही.

माझी डिस्क हल्ली कुरकुरते. मेव्हणीने नवी आणून दिली आहे, ती खोक्यातच आहे. बाईंची उरलेली चार वर्षे या एकाच डिस्कवर आहेत. त्यांची दुसरी प्रत काढायची अजून राहिली आहे.