कडेला टिपलेले नाव

या मित्रांनो, असे जवळ सरका. आवाज माझा बारीक आहे आणि गोष्ट सुरीची आहे.

मी एक जुनी पोथी आहे. कातडी पानांची, हाताने लिहिलेली. माझ्यात संतांच्या कथा आहेत. अगदी पहिल्या काळच्या, ख्रिस्ताचे नाव घेतले म्हणून माणसांना कोंडून ठेवत, त्या दिवसांतल्या. माझ्या एका पानावरची बाई कैद्यांना पाणी न्यायची. पहारेकरी भांडे आत नेऊ देत नसत. म्हणून ती वेण्या भिजवून यायची आणि तहानलेली माणसे त्या पिळून घोटभर पाणी प्यायची.

लिहिणाऱ्याने तिच्या नावाची जागा कोरी सोडली. नावे मागाहून लाल शाईने दुसराच माणूस भरत असे. त्याला कळावे म्हणून कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत नाव टिपून ठेवले होते. नेमके तेच पान तो लाल शाईवाला विसरला. पुढे माझ्यावरून कथा गाणारे प्रवचनकार त्या कोऱ्या जागी सूर लांबवत, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत.

मग गाणारे संपले. मी फडताळात पडून राहिले. कडांना काळी बुरशी चढली.

एके दिवशी एक संशोधक ताई आली. ती वेण्या भिजवणारी बाई माझ्याशिवाय कुठल्याच पोथीत नव्हती. नाव सापडले नाही, तर संतांच्या यादीतून तिला वगळणार होते. ताईने भिंग घेऊन कोरी जागा पुन्हा पुन्हा पाहिली. कडेकडे पाहिलेच नाही. मी हाक मारू तरी कशी?

शेवटी तिने मला बाइंडरच्या टेबलावर ठेवले. तो सुरीला धार लावत होता. तो आवाज माझ्या पानापानांत शिरला.

"काका, बुरशी आत सरकतेय. बोटभर कड कापून टाका."

"तुमच्या बाईचं नाव मिळालं का?"

"नाही हो. आज 'काल्पनिक' असं लिहून देणार."

"म्हणजे आमच्यातलीच की. पुस्तकं मी बांधतो, पण माझं नाव कुठे असतं?"

ताई हसली, आणि लगेच तोंड फिरवून तिने डोळे पुसले. सुरी सावकाश खाली उतरली. काळ्या कडेची पट्टी जमिनीवर पडली आणि केरात गेली.

मित्रांनो, आता मी स्वच्छ दिसते. पण ते नाव विचाराल तर मलाही सांगता येत नाही. जे पानावर उरले नाही, ते पोथीला आठवत नाही. जुन्या पोथीला सुरी लावण्याआधी तिच्या कडाही वाचा. आणि कधी पाणी पिताना, ओल्या वेण्यांनी कोठडीकडे निघालेल्या त्या बाईची आठवण काढा. नावाच्या जागी नुसता सूर लांबवा.