पावणेपंधरा घास हवा

डब्यातून सहा वस्तू निघाल्या. दोन इंची गोल गेज, अंगठ्याएवढा सेन्सर, दोघांना जोडणारी लांब वायर, धुराच्या पाइपावर वेल्ड करायची आट्यांची कडी, ती बंद करायचं बूच आणि बारीक घड्या घातलेला माहितीचा कागद. भाचीने त्या एका जुन्या टॉवेलवर ओळीने मांडल्या आणि पुन्हा मोजल्या.

मामी गॅरेजच्या दारात उभी होती. "नाकापेक्षा मोती जड," ती म्हणाली. "गाडीच्या दाराला हँडल नाही धड, आणि हिला घड्याळ बसवतायत."

"काय म्हणते?" मामाने विचारलं.

"तुमचे कान खिशात आहेत. ते घाला, मग सांगते."

मामाने खिशावरून हात फिरवला, पण कानाचं यंत्र काही बाहेर काढलं नाही. ते घातलं की डोक्यात कोणीतरी चमचे पाडतंय असं वाटतं, ही त्याची तक्रार जुनी होती.

गाडी त्याहूनही जुनी. मामाने तीस वर्षं तिच्यावर लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. डाव्या सीटसमोरचा जादा ब्रेक अजून शाबूत होता, आणि त्यावर पाय ठेवून बसलेल्या मामाच्या शेजारी भाचीही शिकली होती. गाडीचं बोनेट मामाने कधी दुसऱ्याला उघडू दिलं नाही. कार्बोरेटरच्या तोंडाशी कान न्यायचा, डोळे मिटायचे, मिश्रणाचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं की थांबायचं. एवढीच त्याची पद्धत. पण दोन वर्षांत दोन्ही कान गेले आणि स्क्रू अंदाजाने फिरू लागला. गेल्या महिन्यात धुराच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड निघाला ५.८ टक्के. मर्यादा तीनची. तपासनीस भला माणूस होता, पण त्याने स्पष्ट सांगितलं, "काका, अजून एक संधी. परत नापास झाली तर थेट भंगारात."

घरी आल्यावर मामाने चावी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "नापास झाली तर मीच नेऊन देईन. आणि मग स्टिअरिंगला हात लावणार नाही. ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्याने चालवू नये."

भाची रसायनशास्त्र शिकून नुकतीच घरी आली होती. तिने त्यावर वाद घातला नाही. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा गेज मागवला.

वेल्डरने पाइप काढून नेला आणि कडी बसवून परत आणून दिला. मामाने तो जागेवर चढवला, बोल्ट आवळले. भाचीने वायर डॅशबोर्डखालून ओढली, पण गेज तूर्त इंजिनाशेजारी ठेवला, दोघांना दिसेल असा. सेन्सर बसवण्याआधी तो मोकळ्या हवेत टांगून गेज चालू करायचा, असं कागदावर होतं. थोड्या वेळाने सेन्सरच्या जाळीतून मंद लाल उजेड दिसला आणि गेजवर २२.४ उमटलं.

"हे काय?" मामाने तिच्या ओठांकडे पाहत विचारलं.

"नुसती हवा." ती त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलत होती. "आत चिनी मातीसारखा एक तुकडा आहे. सातशे-आठशे अंशांपर्यंत तापला की त्यातून ऑक्सिजन आरपार जातो. दगडातून, मामा. बाकी काही जात नाही."

हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, समीकरणासकट. तो तुकडा मामाच्या गॅरेजात तिच्या हातभर अंतरावर तांबडा होऊन बसेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली. मामाही वाकून बघू लागला.

"आणि आकडा किती हवा?"

"चौदा पूर्णांक सात. एक घास पेट्रोल, तर पावणेपंधरा घास हवा. जास्त आली तर उपाशी, कमी आली तर अजीर्ण."

"अजीर्ण तर तुझ्या मामीच्या हातचं खाऊनही होतं."

"ऐकलं हं मी," आतून मामी म्हणाली. "माझे कान जागेवर आहेत."

सेन्सर पाइपात बसला. गाडी सुरू झाली. गेजवरचे आकडे थोडे धावले आणि १६.८ वर येऊन घुटमळले.

"उपाशी आहे," भाची म्हणाली. "पेट्रोल वाढव."

मामाने तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा वेगळंच सांगत होता, पण हात स्क्रूवर गेला. अर्धा आटा. आकडा १६.३. अजून अर्धा. १५.९. इंजिन आता लंगडू लागलं, पेट्रोलचा वास गॅरेजभर पसरला आणि मामीने आतलं दार लावून घेतलं. मामाने गाडी बंद केली, हातमोजा घालून स्पार्क प्लग काढला आणि तिच्या हातात दिला. प्लग काजळीने माखला होता.

"ही उपाशी?" तो म्हणाला. "तुझा गेज थापा मारतो."

भाची प्लगकडे बघत बसली. पेट्रोल जास्त झाल्याशिवाय एवढी काजळी धरत नाही, आणि ती खोटी असणं शक्य नव्हतं. पण बाहेरची हवा त्याच सेन्सरने बरोबर ओळखली होती. दोघंही खरं बोलत असतील तर? गेज पेट्रोल मोजत नाही, तिने स्वतःला बजावलं. तो उरलेला ऑक्सिजन मोजतो, आणि तो कुठून आला हे त्याला कळत नाही.

"मामा, इंजिनातून न जाता पाइपात हवा शिरू शकते?"

मामाने तिच्या हातातला प्लग घेऊन परत बसवला. मग म्हणाला, "परत सुरू करतो. तू कान लाव आणि मला आवाज सांग. सगळे सांग."

ती बोनेटखाली वाकली आणि दर वेळी मान वर करून, त्याला ओठ दिसतील असं, सांगू लागली. "पंख्याचा. पट्ट्याचा, थोडा चिवचिवतो. खाली टकटक."

"ती टकटक तिची जन्मापासूनची. अजून?"

"फुस्स, फुस्स. पण ते तर मघापासून आहे. मला वाटलं इंजिनचंच."

मामाने हात वर केला, शिकवताना 'थांब' म्हणून करायचा तसा. "कुठून?"

तिने वरच्या जोडाकडे बोट दाखवलं, जिथे वेल्डरकडून आलेला पाइप मामाने परत जोडला होता. मामाने गाडी बंद केली आणि डोकं खाजवलं. "जोडातली गॅस्केट जुनीच घातली मी. नेहमी तीच घालतो. कान लावायचा, फुसफुस आली की बदलायची." मग तो म्हणाला, "आता मला वाटलं, आलीच नाही."

पण भाचीला खात्री करून घ्यायची होती. इंजिन आणि पाइप निवल्यावर तिने मामीच्या शिवणाच्या डब्यातून वीतभर दोरा आणला, काडीला बांधला आणि गाडी पुन्हा सुरू होताच जोडाजवळ धरला. दोरा बाहेर उडाला. मग आत ओढला गेला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत, इतक्या झपाट्याने की तो दोरा नसून धूसर पंखा वाटावा. प्रत्येक स्फोटाबरोबर धूर बाहेर येत होता आणि त्यामागच्या पोकळीत हवा आत शिरत होती.

"श्वास घेतेय," मामा हळूच म्हणाला.

नवी गॅस्केट बसली. गाडी सुरू होताच गेजने ११.९ दाखवले. तपासणीत नापास करणारं सगळं अजीर्ण, वर आज वाढवलेल्या पेट्रोलसकट, आता उघड दिसत होतं. मामा स्क्रू आत घेऊ लागला. १२.४. १२.९. त्याच्या बोटांचा इशारा व्हावा आणि आकड्याने लगेच मान डोलवावी, हे बघताना भाचीने मनात हिशोब मांडला. मिनिटाला सोळाशे स्फोट. एका स्फोटाला सहा मिलिग्रॅम पेट्रोल, म्हणजे थेंबाचा जेमतेम तिसरा हिस्सा. आकडा एकाने हलला तर फरक अर्ध्या मिलिग्रॅमचाही नाही. आणि हा माणूस तीस वर्षं तो फरक डोळे मिटून ऐकत होता.

"मामा, आता डोळे मीट."

"कशाला? आकडा दिसतोय की."

"तो झाकते मी." तिने गेजवर रुमाल टाकला, त्याचा डावा हात धरला आणि एअर फिल्टरच्या झाकणावर सपाट ठेवला. "कान नसू दे. हाताला काय लागतं बघ."

मामाने डोळे मिटले. तळवा झाकणावर, उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग एकेक करून गेल्या. स्क्रू किंचित आत गेला. अजून किंचित. जरा जास्त झाला, तसा तो लगेच केसभर मागे आला. मामाचा हात थांबला.

"इथे," तो म्हणाला.

मामी कधी दारात येऊन उभी राहिली होती ते कळलं नाही. भाचीने रुमाल उचलला. १४.२.

"पावणेपंधरा म्हणाली होतीस," मामाचा आवाज पडला. "अर्ध्याने चुकलो."

"नाही चुकलास. नुसती उभी असताना तिला पेट्रोल किंचित जास्त लागतं, तेव्हाच ती न अडखळता चालते. कागदावरही तेच आहे."

मामाने गेजकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे. झाकणाची धूळ त्यावर गोल उमटली होती. त्याने खिशातून यंत्र काढून कानात घातलं आणि तोंड वाकडं केलं.

"चमचे," तो म्हणाला. मग बोनेटखाली वाकून, "पण त्यांच्या मागे ती आहे."

"चला, आता बोलायची सोय राहिली नाही मला," मामी म्हणाली.

सोमवारी सकाळी मामानेच गाडी चालवत नेली. भाची डाव्या सीटवर, जादा ब्रेकजवळ बसली, पण तिने पाय मागे घेऊन ठेवले होते. तपासनीस तोच होता. त्याने सायलेन्सरच्या तोंडात नळी सरकवली, गाडी चालू ठेवायला सांगितलं आणि पडद्याकडे पाहत राहिला. मामाने तळवा डॅशबोर्डवर टेकवला होता.

आकडे हलले, मंदावले आणि थांबले.

कार्बन मोनॉक्साइड, १.२ टक्के.